गोपनीय शिक्क्याचा कागद आणि लेकीची बातमी

पत्र :

ताई, मी सातारा जिल्ह्यातला. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, 26 वर्षे नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. धाकटी मुलगी पुण्यात एका न्यूज पोर्टलमध्ये वार्ताहर आहे. महिन्यापूर्वी तिला बांधकाम खात्यातल्या कुणीतरी आमच्याच भागातल्या एका जुन्या पुलाच्या तपासणीचा अहवाल दिला. पानापानावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे. ती तो छापायचा म्हणते. मी म्हटले, ज्याचे मीठ खाल्ले त्याचे कागद बाहेर नेणारा बेइमान, आणि ते छापणारा त्याच्या बरोबरीचा. 26/11 ला टीव्हीवाल्यांनी काय केले ते आम्ही फौजी लोक विसरलेलो नाही. दोघांनाही आत टाकले पाहिजे, असे जेवताना बोलून गेलो. ती ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघून गेली. आता आईच्या फोनवर बोलते, माझ्याशी नाही. माझे चुकले का? आणि खरेच तिला अटक होऊ शकते का?

उत्तर :

सुभेदारसाहेब, नमस्कार.

आधी अटकेचे सांगते. पत्रातली ती शेवटची ओळ तुम्ही इतकी दाबून लिहिली आहे की पेनचा ठसा मागच्या बाजूने हाताला लागतो.

होय, होऊ शकते. 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे गुप्त कागद बाहेर देणारा गुन्हेगार आहेच, पण तो कायदा मोडून दिला जातो आहे हे ठाऊक असताना घेणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुपित कशाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात नाही. जमेची बाजू अशी की सरकारने स्वतः तक्रार केल्याशिवाय किंवा तसा अधिकार दिल्याशिवाय न्यायालय असा खटला चालवायला घेत नाही, आणि एका पुलाच्या अहवालापायी सरकार तिथवर जाईल असे मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर तुम्ही निर्धास्त राहू नका. छापण्याआधी तिने चांगल्या फौजदारी वकिलाचा सल्ला घ्यायला हवा, आणि खटला झालाच तर त्याचा खर्च संस्था करील, हे संपादकाकडून लेखी घ्यायला हवे. छोट्या पोर्टलांत हे सगळे तोंडी असते. तोंडावर जाऊ नये.

आता तुमचे म्हणणे, की छापणाऱ्यालाही आत टाकले पाहिजे. मला ते पटत नाही. मी 22 वर्षे एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते, म्हणजे मी तुमच्या मुलीच्या बाजूची झाले, असे तुम्ही म्हणाल. तरी ऐकून घ्या.

26/11 बद्दल तुमचे खरे आहे. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरत होते आणि ते सगळा देश घरबसल्या पाहत होता. पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही तेच पाहत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. 2012 मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. पुढे 2015 मध्ये नियमच झाला की अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना ती थेट दाखवायची नाही. त्या तीन दिवसांत वाहिन्या जे वागल्या त्याचे समर्थन मी कधी केले नाही, करणार नाही.

पण जरा विचार करा. त्या तीन दिवसांत एकही गोपनीय कागद फुटलेला नव्हता. कॅमेरे भर रस्त्यात होते, शिक्का कशावरच नव्हता. तरी घात झाला असता. आणि आता उलट बाजूचे ऐका. जून 2002 मध्ये दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना याच कायद्याखाली पकडले. त्यांच्या संगणकात काश्मीरमधल्या सैन्याबद्दलची माहिती सापडली होती. ती इंटरनेटवर कुणालाही वाचायला मिळत होती. सात महिने ते तिहारमध्ये होते. शेवटी खुद्द लष्करी गुप्तचर विभागाने सांगितले की या माहितीत सुरक्षेला धोका होईल असे काही नाही, आणि जानेवारी 2003 मध्ये सरकारने खटला मागे घेतला. म्हणजे घात होतो की नाही, हे काय छापले, केव्हा छापले आणि त्याने कुणाचा जीव उघडा पडला यावरून ठरते. रबरी शिक्का तर कचेरीत टेबलावर पडलेला असतो. कधी खऱ्या काळजीने मारला जातो, कधी सवयीने, आणि कधी कुणाची लाज झाकायला.

तुम्ही सॅपर. तुम्ही सुरुंग पेरले असतील. त्या पट्ट्याचा नकाशा कुणी जाणूनबुजून छापला, आपल्यासाठी खबर काढणाऱ्या माणसाचे नाव छापले, चालू मोहिमेची वेळ छापली, तर त्या माणसावर खटला झालाच पाहिजे. पत्रकार असला तरी. इथे तुमचे-माझे काही भांडण नाही. पण त्या नकाशाला जो कायदा, तोच बांधकाम खात्याच्या पुलाच्या अहवालालाही, हे मला मान्य नाही. आणि हे काही आजच्या पोरांनी काढलेले खूळ नाही. 1889 मध्ये इंग्रजांनी हा कायदा पहिल्यांदा केला आणि कर्झनच्या काळात, 1904 मध्ये, तो आणखी आवळला. आरमारी आणि लष्करी गुपितांच्या पंगतीला मुलकी कारभाराचे कागदही आणून बसवले. कौन्सिलात त्याला ज्यांनी विरोध केला त्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. तुमच्या लेकीच्या हातातला कागद मुलकी आहे, साहेब. ज्या पुलावरून तुमच्या गावची एसटी जाते त्या पुलाचा.

आता मिठाचे. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. खाल्ल्या मिठाला जागणे ही काही छोटी गोष्ट नाही. पण मीठ कुणी खाल्ले? खात्यातल्या त्या माणसाने. नोकरीला लागताना गुप्ततेची बांधिलकी त्याने पत्करली. त्याने ती मोडली असेल तर खाते त्याला जाब विचारू शकते, आणि का मोडली हे त्याला सांगता आले पाहिजे. तुमच्या मुलीने ते मीठ खाल्लेले नाही. तिने शपथ घेतलेली नाही. तिची भाकरी वाचकाच्या घरून येते, आणि त्या वाचकापासून ‘पूल पडायला आला आहे’ हे लपवणे ही तिची बेइमानी ठरेल. गुपित राखायची जबाबदारी ज्याच्या हवाली ते गुपित केले त्याची असते. ती वाटेत भेटेल त्याच्या गळ्यात घातली, तर उद्या पुलाखाली सिमेंटऐवजी वाळू भरणारा मोकळा राहील आणि वाळू आहे असे सांगणारा कोठडीत जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

अमेरिकेत 1971 च्या जूनमध्ये हाच प्रश्न उभा राहिला. व्हिएतनाम युद्धाचा 47 खंडांचा, सुमारे 7000 पानांचा गुप्त इतिहास डॅनियल एल्सबर्ग नावाच्या माणसाने वर्तमानपत्रांना दिला. एकामागून एक सरकारे लोकांना युद्धाबद्दल खोटे सांगत आली, हे त्यात सरकारी कागदांनिशी दिसत होते. एल्सबर्ग हा कुणी शांततेचा जप करणारा पढतमूर्ख नव्हता. तो मरीन कोअरमध्ये अधिकारी होता, व्हिएतनाममध्ये जाऊन आला होता. सरकारने छपाई थांबवायला धाव घेतली, सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. एल्सबर्गवर मात्र खटला चालला, आणि सरकारच्याच लोकांनी त्याच्या डॉक्टरचे कार्यालय फोडल्याचे उघड झाले तेव्हा 1973 मध्ये तो खटला रद्द झाला. देणारा आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला, छापणारे राहिले नाहीत. ही रेघ तिथे बरीच वर्षे टिकली.

विकिलीक्स हे संकेतस्थळ काढणाऱ्या ज्युलियन असांजच्या बाबतीत ती पुसट झाली. 2010 मध्ये त्याने युद्धाचे आणि वकिलातींचे लाखो कागद बाहेर आणले. वकिलातींच्या तारा सुरुवातीला मोठ्या वर्तमानपत्रांबरोबर नावे गाळून. 2011 च्या सप्टेंबरमध्ये मात्र अडीच लाख तारा नावांसकट सगळ्या मोकळ्या केल्या. त्याच्याबरोबर काम केलेल्या वर्तमानपत्रांनीच त्याचा निषेध केला, आणि तो योग्य होता. कुठल्या तरी गावात अमेरिकनांशी बोललेल्या साध्या माणसाचे नाव उघडे टाकायचा हक्क कुणालाही नाही. पण आरोपपत्र आले तेव्हा ते तेवढ्यापुरते नव्हते. कागद मागणे, मिळवणे, हेच त्यात गुन्हे म्हणून मांडले होते. ते तर जगातला प्रत्येक वार्ताहर रोज करतो. लंडनच्या तुरुंगात 5 वर्षे काढल्यावर जून 2024 मध्ये एक गुन्हा कबूल करून तो सुटला. त्याची बेफिकिरी मला माफ करवत नाही. तरी त्या खटल्याची मला त्याहून जास्त भीती वाटते.

आपल्याकडे राफेल विमानांच्या खरेदीवरच्या फेरविचार याचिकांच्या वेळी, 2019 मध्ये, सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले होते की वर्तमानपत्रात आलेले कागद चोरीचे आहेत, ते पाहूच नका. न्यायालयाने ते मानले नाही. पुढे त्या याचिका फेटाळल्या गेल्या हेही खरे, पण फुटलेला कागद केवळ फुटला म्हणून दृष्टिआड करायचा नाही, हे तिथे ठरले.

आता एक प्रकरण तुमच्या माहितीतले असेल. नाशिकजवळचे देवळाली. 2017 मध्ये पूनम अगरवाल या पत्रकार महिलेने तिथल्या छावणीत लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केले. अधिकाऱ्यांच्या घरी सहायक म्हणून जवानांना कुत्री फिरवायला, मुलांना शाळेत सोडायला लावतात, हे जवान बोलले. ही गोष्ट गुपित होती असे तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल का? 26 वर्षे तुम्ही फौजेत होता. तरी त्या बाईंवर गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. 2019 च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

पण त्यातली दुसरी गोष्ट मला आजही झोपू देत नाही. त्या चित्रणातला एक जवान पुढे छावणीतल्या एका पडक्या बराकीत मृतावस्थेत सापडला. चित्रणात त्याचा चेहरा झाकलेला होता. पत्रकारावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचाही आरोप ठेवला होता, तोही रद्द झाला. कायद्याने तिचा दोष नाही. तरी मी तुमच्या मुलीच्या जागी असते तर अहवालातल्या पुलाइतकाच त्या जवानाचा विचार केला असता. तुम्ही तिला ‘आत टाकले पाहिजे’ म्हणालात. त्याऐवजी ‘कागद देणाऱ्याचे काय होईल?’ असे विचारले असतेत, तर ती ताटावरून उठली नसती. तिच्याकडे त्याचे उत्तर असते किंवा नसते. नसते तर ती थांबली असती.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे धान्य गोदामातल्या अफरातफरीचा एक चौकशी अहवाल आला. आम्ही पहिल्या पानावर त्याच्या झेरॉक्सचे चित्रच छापले, वाचकाला खात्री पटावी म्हणून. पान मी लावले होते. कचेरीतला एक कारकून कागद वाचून झाला की कोपऱ्यात पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढून तिच्याखाली दोन टिंबे द्यायचा. अख्ख्या कचेरीला ती खूण ठाऊक होती, आम्हाला नव्हती. आम्ही नाव गाळले, जावक क्रमांक गाळला, आणि ती रेघ आणि दोन टिंबे तशीच छापली. आठवडाभरात तो निलंबित झाला. गोदामातल्या कुणाचे काही वाकडे झाले नाही. पुढे बाजारात मी दिसले की तो माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हा मुलीला माझा निरोप द्या : मूळ कागदाचे चित्र छापायचे नाही, एकाही पानाचे. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा. फोनमध्ये फोटो ठेवायचे नाहीत, त्या माणसाला फोन करायचा नाही. पत्रकाराला बातमी पुरवणाऱ्याचे नाव न सांगण्याची मुभा प्रेस कौन्सिलपुढे आहे. पोलिसांपुढे किंवा न्यायालयात तसे संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. आणि जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा जो कायदा 2014 मध्ये मंजूर झाला तो अंमलात आणलेलाच नाही. त्या माणसाला झाकायला तुमच्या मुलीशिवाय कुणी नाही.

दुसरा निरोप पडताळणीचा. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्धची पत्रे आपल्या टिळक-आगरकरांच्या हाती आली. तरुण महाराजांविरुद्ध कट चालला आहे असे त्यांतून दिसत होते. केसरी आणि मराठ्यात मजकूर आला, दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी 4 महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. महाराजांच्या काळजीने छापले होते, यात मला शंका नाही. पण त्यांच्यासारख्यांनाही खोटे कागद खरे वाटले. मिळालेला कागद खरा आहे का, आणि तो आत्ताच कुणी का दिला, हे दोन्ही तिला शोधावे लागेल. ठेकेदारांच्या भांडणातूनही असे अहवाल बाहेर येतात.

त्यासाठी एक सरळ वाट आहे, आणि ती तिला सुचली नसेल तर मला नवल वाटेल. माहितीचा अधिकार. गुपिते कायद्याशी विसंगती आली तर माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा वरचढ, असे त्याच्या 22 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा. एरवी मुदत 30 दिवस, पण माणसाच्या जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत माहिती मागता येते. मात्र नेमका तोच अहवाल, त्याच तारखेचा मागायचा नाही, नाहीतर तो फुटल्याचे कचेरीला लगेच कळेल. तालुक्यातल्या सगळ्या पुलांचे गेल्या 10 वर्षांचे तपासणी अहवाल मागावेत. त्या ढिगात हाही येईल, शिक्क्यासकट किंवा शिक्क्याशिवाय. नाकारला तर नाकारल्याचे कारण लेखी मिळेल, आणि तीही बातमीच आहे. अर्ज तुमच्या गावातल्या कुणी केला तर आणखी उत्तम. तुम्हीच का करू नये?

तुमचे चुकले का, असे विचारले आहे. गुपिताची किंमत तुम्हाला कळते, यात काही चूक नाही. ती कळणारी माणसे घरात असावीत, पत्रकाराच्या घरात तर असावीतच. चुकले ते एवढेच की सरहद्दीवरचे गुपित आणि बांधकाम खात्याचे गुपित तुम्ही एकाच मापाने मोजले, आणि पोटच्या मुलीला हेराच्या रांगेत बसवले. ते तिला लागले आहे. तिच्या आईच्या फोनवरून नको, तुमच्या फोनवरून फोन करा. पहिल्यांदा उचलणार नाही. पुन्हा करा.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाला उभे असलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. तुमच्या भागातला पूल तसा आहे की नाही मला माहीत नाही. तुमच्या मुलीलाही कागदावरूनच माहीत आहे. तुम्ही मात्र आयुष्यभर पूल बांधलेत. खांबाच्या पायाखालची माती वाहून गेली आहे का, दगडांतला चुना निघाला आहे का, तडा जुना की नवा, हे तुम्हाला नुसते पाहून कळेल.

तो अहवाल वाचायला मागू नका. कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो हातात घेतला की तुम्हीही घेणारे झालात, आणि तिलाही दाखवण्याचा पेच नको. पूल मात्र उघड्यावर उभा आहे. सध्या उन्हाळा आहे, नदीला पाणी घोट्याएवढे असेल. या रविवारी तिला बोलवा, बॅटरी आणि मोजपट्टी घ्या, आणि दोघे पात्रात उतरून खांबांपर्यंत चालत जा. काय दिसते ते तिला सांगा. ती लिहून घेईल.